फुल बाह्यांचा शर्ट

वर्गाच्या बाईंनी माझ्या लेकीच्या अंगातला शर्ट दोन बोटांच्या चिमटीत धरून काढला. शेण लागल्यासारखा. धुतलेला होता तो. आदल्या दिवशी मीच दगडावर घासून धुतला होता.

"हे काय घालून आणलंत? शेतकरी सांगितला होता ना?"

"व्हय की. शेतकरीच हाय."

"अहो, ही तर कामवाली दिसतेय."

कामवाली असण्यात काय कमीपणा, तेही बाईंनी सांगितलं नाही.

सव्वीस जानेवारी. शहरातली, राजारामपुरीतली इंग्रजी शाळा. 'आपला भारत' नावाचा वेषभूषेचा कार्यक्रम. लेक चौथीत, शाळेसाठी माझ्या भावाकडं राहते. मी कोडोली गावची. नवरा फौंड्रीत जातो, शेती मी करते. ऊस, म्हशी, सगळंच. लेकीला शेतकरी व्हायचं होतं. म्हणाली, "आई, मी तू होते." माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. आमच्याकडं उसात शिरणारी बाई साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालते, पाल्यानं हात चिरतात म्हणून. तसंच तिला नटवलं. डोक्याला फडकं, हातात खुरपं. हुबेहूब मी दिसत होती.

बाईंच्या डोक्यातला शेतकरी वेगळा होता. त्यांनी पेटीतून धोतर काढलं, बंडी काढली. बंडीला भोक एक नाही, पण ठिगळं ढीगभर. काजळानं मिशी काढली. हातात पुठ्ठ्याचा नांगर दिला.

मी म्हटलं, "बाई, नांगरट आता ट्रॅक्टरनं हुतीय."

"मीही शेतकऱ्याचीच मुलगी आहे हो. मला नका शिकवू."

शेतकऱ्याचीच मुलगी! हे मी बँकेत ऐकलंय, दवाखान्यात ऐकलंय, कचेरीत ऐकलंय. शेतकऱ्याची मुलं सगळीकडं खुर्चीत बसलेली भेटतात आणि शेतकरी त्यांच्यापुढं उभा. जिभेवर आलं होतं सगळं. पण पोरीचा नंबर हुकेल म्हणून मी गप्प बसले.

पडद्यामागं पोरांची रांग होती. सैनिकाच्या बुटाला पॉलिश. डॉक्टरचा कोट कडक इस्त्रीचा. फाटकं तेवढं शेतकऱ्याचं. लेक स्टेजवर गेली आणि बाईंनी शाळेत पाठ करून घेतलेलं घडाघडा बोलली.

"मी गरीब शेतकरी. पाऊस नाही, पीक नाही. माझ्यावर दया करा."

आणि दोन्ही हात पसरले. माझ्या पोरीनं. सुट्टीत गावी आली की मोटर चालू करून उसाला पाणी सोडते, त्या पोरीनं. सगळा हॉल हळहळला. शेजारच्या बाईनं तर डोळे पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रमुख पाहुणे म्हणाले, शेतकरी हा देशाचा कणा आहे. पहिला नंबर आमचाच आला.

फोटोसाठी पालकांना वर बोलावलं. शर्ट माझ्या मांडीवर होता, बाईंनी चोळामोळा करून दिलेला. अंगाची नुसती लाही झाली होती. मी तो ठेवणीतल्या साडीवर चढवला. बटणं लावली. वर गेले. पदरानं पोरीची मिशी पुसली, तर गालभर काळं झालं. पाहुण्यांच्या हातातला बक्षिसाचा कप घेतला, टेबलावर ठेवला आणि माईक धरला.

"पावणं, ह्यो कप तुमी भीक मागणाऱ्याला दिलाय. शेतकरी मी हाय. माझी पोरगी कुणाफुडं हात पसरणार न्हाय."

कुणीही टाळी वाजवली नाही. "सगळ्या कार्यक्रमाचा विचका केलात," बाई दातओठ खात म्हणाल्या. आम्ही खाली उतरलो.

रिक्षात लेक हमसून रडत होती. "मला कप पाहिजे होता," म्हणाली. भावाचं घर येईपर्यंत माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. जीव तुटला माझा. पण समजूत काढली नाही, काढणारही नाही. हात पसरला की कप मिळतो, हे तिला माझ्या डोळ्यांदेखत शिकवलं आणि मी शेवटपर्यंत बसून बघितलं. आता बसणार नाही.

शनिवारी पालकसभा आहे. सकाळी उसाला पाणी पाजून थेट जाणार आहे. शर्ट अंगातच असेल, चिखल लागलेला. पहिल्या रांगेत बसणार आहे. बाईंनी उठवून दाखवावं.