शिलाई मशीनचे दोन तुकडे

टेपकाकूंच्या गळ्यात मोजायची टेप इतकी वर्षं लटकत होती, की ती नसेल तर लोक त्यांना ओळखायचेच नाहीत. शाळेचे गणवेश, डॉक्टरांचे कोट, पडदे, उशांचे अभ्रे, जे येईल ते त्या शिवायच्या. त्या दिवशी गावातल्या संग्रहालयात गेल्या होत्या त्याही पडद्यांचं माप घ्यायलाच.

संग्रहालयात शांततेवर एक नवं दालन व्हायचं होतं. तिथल्या अधिकारी मॅडम, चष्मेवाल्या, तिशीच्या आतल्या, जरा हट्टी. दालनात काय ठेवायचं ते गावातल्या लोकांनीच सांगावं, असं त्यांनी ठरवलं होतं. रिकाम्या दालनात वीसेक माणसं गोल करून बसली होती आणि 'शांतता म्हणजे काय' यावर बोलणं चाललं होतं. निवृत्त मास्तर म्हणत होते, "गोंगाट नसणे." बेकरीवाला म्हणत होता, "गाढ झोप." काकू खिडकीपाशी स्टुलावर चढून उंची मोजत होत्या.

"काकू, एक खुर्ची रिकामी आहे. तुम्हीही सांगा ना," मॅडम म्हणाल्या.

"मला काय विचारता?" काकू स्टुलावरूनच बोलल्या. "आमच्या घरी अकरा वर्षं शांतताच आहे. जाऊ माझ्याशी बोलतच नाही."

सगळे हसले. पण मॅडमनी काही त्यांना सोडलं नाही. खुर्चीत बसवून सगळी हकिकत काढून घेतली.

हकिकत अशी होती. सासूबाईंची एक पायमशीन होती. दोन्ही सुना त्याच मशीनवर शिवण शिकल्या. सासूबाई गेल्या, भावांची बिऱ्हाडं वेगळी झाली आणि मशीन कोणाकडे जाणार यावरून दोघी जावांची जुंपली. थोरलीचं, म्हणजे काकूंचं म्हणणं, मी आधी आले. धाकटीचं म्हणणं, शेवटची चार वर्षं सासूबाईंचं मी केलं. महिनाभर ऐकून दोघे भाऊ इतके कावले, की एका रविवारी पान्याने बोल्ट काढून मोकळे झाले. मशीनचं डोकं थोरलीकडे गेलं, खालचा लोखंडी स्टँड पायडलसकट धाकटीकडे. काकूंनी डोक्याला मोटर बसवून काम चालू ठेवलं. धाकटीने स्टँडवर फळी टाकून तिच्यावर कुंड्या मांडल्या. दोघींची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. समोरासमोर आल्या की दोघी दुकानांच्या पाट्या वाचायला लागायच्या.

"ते डोकं दालनासाठी द्याल?" मॅडमनी विचारलं.

काकूंनी आदल्याच वर्षी नवी मशीन घेतली होती. जुनं डोकं कपाटावर पडून होतं. पुढच्या बैठकीला त्यांनी ते टॉवेलात गुंडाळून आणलं आणि टेबलावर ठेवलं. सगळ्यांनी वाकून वाकून पाहिलं.

"हे चालणार नाही," मास्तर म्हणाले. "नुसतं अर्धं ठेवलं तर हा भांडणाचा पुरावा झाला. शांतता कुठे आहे यात?"

"खालचा अर्धा भाग आणा, मग बोलू," बेकरीवाला म्हणाला. हात वर करून मतं घेतली, तर काकू सोडून सगळ्यांचे हात वर.

मॅडमनी धाकटीला रीतसर पत्र पाठवलं. ते चौथ्या दिवशी परत आलं. मागच्या बाजूला एकच ओळ होती: ज्यांना हवा आहे त्यांनी स्वतः येऊन मागावा.

काकू दोन दिवस फणफणल्या. तिसऱ्या दिवशी साडी बदलली आणि जाऊन धाकटीच्या दाराची बेल दाबली.

"कोण पाहिजे?" धाकटीने दार अर्धंच उघडलं.

"स्टँड पाहिजे."

"त्यावर माझ्या कुंड्या आहेत."

"मी उतरवते."

"काही नको. मला हात आहेत."

मग दोघींनी मिळूनच उतरवल्या, नऊ कुंड्या, एकही शब्द न बोलता. फळी काढली. काकूंनी सवयीने पायडलवर पाय ठेवला आणि चाक गरकन फिरलं. जराही कुरकुर नाही. वाकून पाहिलं तर सांध्यांना तेल दिलेलं, तेही ताजं.

"याला तेल घालतेस तू?"

"गंजला असता ना."

"कुंड्यांच्या खाली कोण पायडल मारतंय गं?"

धाकटी स्वयंपाकघराकडे वळली. म्हणाली, "चहा टाकू का? की तोही संग्रहालयाच्या बैठकीत विचारून घ्यायचा?"

काकूंना हसू फुटलं. अकरा वर्षांनी जावेसमोर त्या पहिल्यांदाच हसल्या आणि मग डोळे पुसायला टेपचंच टोक हाताला लागलं. धाकटी म्हणाली, "जाऊबाई, रुमाल वापरा. ती टेप किती मळलीय."

हातगाडीवर स्टँड घालून दोघी निघाल्या. मशीनच्या चाकाला पट्टा चामड्याचा घालायचा की रबराचा, यावरून वाटेत वाजलंच. हातगाडीवाल्याने कोपऱ्यावर गाडी थांबवली आणि म्हणाला, "आधी ठरवा, मग ढकलतो." चामड्याचा ठरला.

संग्रहालयाच्या सुताराने बोल्ट जुळवले. काकूंनी मोटर काढून डोकं बसवलं, धाकटीने दोरा ओवला. चाळिशी न लावता ओवला, हे तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मशीन धडधडली तेव्हा बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या.

आता राहिली पाटी. मॅडमनी लिहून आणलं होतं: 'संघर्षाकडून सहजीवनाकडे'. सगळे धाकटीच्या तोंडाकडे पाहू लागले.

"असं आमच्यात कोणी बोलत नाही," ती म्हणाली.

"मग कसं बोलता?"

बरीच खोडाखोड करून शेवटी पाटी अशी झाली: 'दोन जावांची शिलाई मशीन. अकरा वर्षं दोन घरांत होती. आता चालते. शिवून बघा.'

दालन उघडलं आणि मशीनपुढे रांगा लागल्या. लोक घरून फाटके खिसे, उसवलेल्या पिशव्या आणू लागले. दर रविवारी दोघी जावा तिथे बसतात. टाका बारीक की मोठा यावरून त्यांची खणखणीत वादावादी होते. मॅडमनी एकदा हळूच सांगून पाहिलं, की हे शांततेचं दालन आहे. "म्हणून तर आवाजात भांडतो," काकू म्हणाल्या. "मुकाट्याने खूप भांडून झालं."

धाकटीही आता बैठकीला येते आणि प्रत्येक सूचनेला आधी नाही म्हणते. गेल्या खेपेला एक दातांचे डॉक्टर आले, हातात एकच वल्हं. होडी त्यांच्या भावाकडे होती आणि भाऊ सहा वर्षं बोलत नव्हता. धाकटीने भावाचा पत्ता विचारून घेतला, पर्स उचलली आणि उभी राहिली.

"चला जाऊबाई," ती म्हणाली. "जेवायच्या वेळेआधी जाऊन येऊ."