प्रकाशकाच्या रकान्यातले शेरे

आमच्या रत्नागिरीच्या वाचनालयासाठी सॉफ्टवेअर निवडायचं काम समितीनं माझ्या गळ्यात मारलं, कारण मी ग्रंथपाल, आणि मोबाईलवरून रेल्वेचं तिकीट काढू शकतो. एवढ्या पात्रतेवर इथे माणूस संगणकतज्ज्ञ होतो.

पहिल्या कंपनीचा विक्रेता टाय लावून आला. एप्रिलच्या उकाड्यात टाय! त्यानं आमची पुस्तकांची यादी आपल्या रंगीत पडद्यावर चढवली आणि एक पुस्तक उघडलं. प्रकाशक: ‘दाभोळच्या मास्तरांना द्यावं, अक्षर मोठं आहे.’ दुसरं उघडलं. प्रकाशक: ‘शेवट वाईट. बाळंतिणीला देऊ नये.’ समिती खो खो हसली.

ही यादी आमच्या सहायक बाईंनी कित्येक वर्षं बसून दोन बोटांनी टाईप केलेली. आमच्याकडे नाव सांगून पुस्तक मागणारे थोडेच. बाकीचे ‘मागच्यासारखंच काहीतरी द्या’ म्हणतात. म्हणून कोणाला काय द्यावं हे बाई लिहून ठेवत. मी आखून दिलेल्या तक्त्यात शेऱ्याला रकानाच नव्हता. प्रकाशक कोण विचारतंय, असं म्हणून त्यांनी प्रकाशकाचाच रकाना वापरला.

“हा चुकीचा डेटा आहे. आम्ही साफ करून देऊ,” विक्रेता म्हणाला. बाईंचा चेहरा पडला. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

“आम्हाला एक रकाना वाढवता येईल?” मी विचारलं.

“ते कंपनीच करते.”

“आणि उद्या यादी बाहेर काढायची झाली तर?”

“विनंती अर्ज करायचा.”

“आमचीच यादी, नि अर्ज कसला करायचा तो?” बाई मध्येच म्हणाल्या.

दुसरं सॉफ्टवेअर कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या एका मॅडमनी दाखवलं. दिसायला अगदीच साधं, पण सगळा डेटाबेस उघडा. आतले तक्ते आपण बघावेत, रकाने वाढवावेत, यादी हवी तेव्हा काढून न्यावी. अध्यक्षांना रंगीत पडदाच हवा होता. मी हट्टाला पेटलो, आणि आंब्याचा हंगाम ऐन भरात असल्यानं सगळ्यांना बागेत पळायची घाई होती. ठराव पास!

शेरे एका झटक्यात नव्या रकान्यात गेले. प्रकाशकाचे रकाने मात्र कोरे राहिले. ते भरायला बाई एकेक पुस्तक कपाटातून काढून बसल्या.

परवा मी गंमत म्हणून शेऱ्यांत ‘ग्रंथपाल’ शोधून पाहिलं. एकच पुस्तक आलं, एक प्रवासवर्णन. ‘ग्रंथपालांचे वडील गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर ठेवलं. उघडलं नाही, पण महिनाभर हलवूही दिलं नाही. परत मागू नये.’

ते पुस्तक कोणीतरी विसरून गेलंय, असंच मी तेव्हा धरून चाललो होतो. बाई समोरच टाईप करत होत्या. मला वर बघवेना.