पेटीसाठी सोडलेली जागा

माझा नवरा निशिकांत पेटी फार सुरेख वाजवतो, आणि तरी मला त्याचा संताप येतो. आम्ही सिंगापूरला आल्यापासून मंडळाच्या गणपतीत गायला कोणीही बसो, साथीला निशी ठरलेला. गाणाऱ्याचा दम तुटला तर हा सावरून घेतो, कोणी सूर सोडला तर हळूच परत आणून देतो, आणि टाळ्या पडतात तेव्हा मान खाली घालून पेटीचा भाता मिटत बसतो. "तू स्वतःचं कधी वाजवणार?" विचारलं की म्हणतो, "अगं, मी साथीचा माणूस."

त्याच्या वन-नॉर्थच्या ऑफिसातही हेच. यानेच हाताला धरून तयार केलेला सारंग आता याचा मॅनेजर आहे. ती बातमी निशीने घरी पेढे आणून सांगितली. मी त्या पेढ्यांना हात लावला नाही.

सेंगकांगला आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर लुसियाना राहते. ती ब्राझीलची, जॅझ पियानो वाजवते आणि शिकवण्यांवर घर चालवते. पेटी ऐकून एकदा जिना उतरून आली ती बसलीच. तिचा पहिला अल्बम निघायचा होता. त्यातल्या एका गाण्यात तिने मधोमध पेटीसाठी जागा सोडली. तिथे पियानो नाही, ड्रम नाहीत, काही म्हणजे काही नाही.

"तिथे फक्त तू," ती म्हणाली. "तुला वाटेल ते वाजव."

मला इतका आनंद झाला की मी तिला थालीपीठ करून घातलं. एकदा तरी हा माणूस कोणाच्या तरी पुढे येणार होता.

रोज संध्याकाळी निशी फोनवर तिचं रेकॉर्डिंग लावून बसायचा. मी स्वयंपाकघरात माझ्या नादात भाजी चिरत असायचे. ती मोकळी जागा आली की पेटी सुरू व्हायची, आणि काय वाजायची! रेंगाळायची, वळायची, मध्येच थांबून खट्याळपणे पुन्हा उचलायची. असलं काही याच्या पोटात होतं, हे मला इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं.

रेकॉर्डिंगला मी आणि आमची मुलगी अवनी, दोघी गेलो. आवाज करायचा नाही या अटीवर आम्हाला त्याच खोलीत कोपऱ्यात बसू दिलं. गाणं सुरू झालं. जागा आली. लुसियानाने पियानोवरचे हात उचलून मांडीवर ठेवले आणि निशीकडे बघून हसली. निशीही तिच्याकडे बघून हसला. भाता हलतोय, बोटं पट्ट्यांवर आहेत, आणि हा वाट बघतोय. तिची! ती याची वाट बघतेय आणि हा तिची. जागा संपली, पियानो पुन्हा सुरू झाला, आणि लगेच त्याच्या मागून याची पेटी आली, अगदी सुरात.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. त्यानंतरही तेच.

"बाबा, जस्ट प्ले लाह!" अवनी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कळवळून म्हणाली.

"कोणीतरी सुरुवात करून द्या ना," निशी म्हणाला. सुरुवात करून द्या! मला खुर्ची उचलून आपटावीशी वाटली.

लुसियाना सज्जन बाई, पण तिचाही धीर संपत आला होता. "शेवटचं एकदा," ती म्हणाली. "नाही जमलं तर ती जागा मी पियानोनेच भरते."

जागा आली. निशी हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अरे, रोज घरी वाजवतोस ते वाजव ना! त्याला आठवावं म्हणून मी तेच गुणगुणले, रागारागाने, चांगलं मोठ्यांदा. आणि पेटी उठली. माझ्या सुराला चिकटून, अर्धं पाऊल मागे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोज भाजी चिरताना मी गुणगुणत होते, आणि हा माझी साथ करत होता.

लुसियानाने तेच ठेवलं. अल्बम आला. त्यावर छापलंय: आवाज, शुभदा. म्हणजे मी. खाली: हार्मोनियम, निशिकांत. निशीने पुण्यापासून इथल्या नोव्हेनापर्यंत सगळ्यांना फोन केले. "शुभदाचं गाणं आलंय!"

"तुझं होतं ते!" मी ओरडले. "तुझी जागा होती, आणि मी मध्ये तडमडले!"

"तू ऐक तर," म्हणत त्याने गाणं लावलं.

माझा आवाज रागाने चढत गेला आणि एके ठिकाणी दम संपून तुटला. तिथे पेटी थांबली नाही. मी अर्धी टाकलेली ओळ तिने उचलली, माझ्या डोक्यातही नव्हती अशा वळणाने वर नेली आणि सावकाश खाली आणून ठेवली. मग माझा आवाज पुन्हा आला.

"निशी," मी म्हटलं, "हे तू एकट्याने वाजवलंयस."

"छे गं," तो म्हणाला. "तू श्वास घेत होतीस ना? तेवढं सांभाळावंच लागतं."