व्हॅलेरीची जाड-बारीक रेघ

पावसाळ्यात उत्तनच्या किनाऱ्यावर बोटी वर ओढून ठेवतात. तेव्हा त्यांच्या नाळीवरची, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावरची, नावं एका ओळीत वाचत जाता येतं. त्यातली निम्मी नावं व्हॅलेरीच्या हातची. ते कुणी सांगावं लागत नाही. उभी रेघ खाली येता येता भरत जाते आणि वळणावर एकदम बारीक होऊन निघून जाते. ‘र’ची शेपटी तर लांबून दिसतच नाही. जवळ गेल्यावर दिसते.

हे काम तिच्याकडे नवऱ्यामुळे आलं. ॲड्रियन बोटी रंगवायचा. रंगाला त्याच्यासारखा माणूस नव्हता, पण अक्षरांचं गणित त्याला कधी जमलं नाही. ‘देवमाता’ लिहायला घ्यायचा आणि ‘ता’ला जागा उरायची नाही. एकदा एक बोटमालक वैतागून म्हणाला, “तुजी बायको चर्चच्या फळ्यावर लिवते ना? मंग तिला लिवू दे. तू डबा धर.” ॲड्रियनने डबा धरला. तो मरेपर्यंत धरत होता. तो गेल्यावर रंगाचं काम दुसऱ्यांकडे गेलं. अक्षरं तिच्याकडेच राहिली.

ती गोल ब्रशने लिहायची. चपट्या पट्टी ब्रशचं तिला कौतुक नव्हतं. पट्टी ब्रश फिरवला की जाड-बारीक कुणालाही येतं, असं तिचं म्हणणं. गोल ब्रश दाबावा लागतो आणि सोडावा लागतो. कधी सोडायचं ते हातालाच कळतं. तिला विचारलं तर सांगता यायचं नाही.

मग गुडघे गेले. शिडीवर चढून नाळीपाशी तासन् तास उभं राहणं होईना. शिवाय बोटमालकांची मुलं आता स्टिकर लावायला लागली होती. भाईंदरला स्वप्नीलचं रेडियमचं दुकान होतं. त्याच्याकडे मशीन अक्षरं कापायचं. चिकटवलं की झालं.

व्हॅलेरीच्या भावाने, मायकेलने, त्याच वर्षी नवी बोट बांधायला घेतली. नाव ठरलं ‘सेंट पीटर’. ते व्हॅलेरीच लिहिणार यात कुणाला शंका नव्हती. प्रश्न गुडघ्यांचा होता. तो मायकेलच्या मुलीने सोडवला. ऑड्रे मीरा रोडला एका विमा कंपनीत नोकरीला होती. ती म्हणाली, “आंटी, तू टॅब्लेटवर लिही. पेन मिळतं त्याच्याबरोबर. तू बसल्या जागी लिहायचं, मी फाईल स्वप्नीलला पाठवणार, तो तुझंच अक्षर कापून देणार. शिडी नको, काही नको.”

“काचेवर लिवायचा?”

“काचेवरच. बघ ना, खोक्यावर काय लिहिलंय. पेन अगदी ब्रशसारखं चालतं.”

खोक्यावर तसं लिहिलेलं होतं. शेजारी चित्रही होतं. एक निळा फटकारा, सुरुवातीला जाड, शेवटी केसासारखा. व्हॅलेरीने ते चित्र बराच वेळ पाहिलं. तिला ते पटलं. तसा फटकारा तिला येत होता.

दुकानात त्याच कंपनीचे दोन टॅब्लेट होते. ऑड्रेने स्वस्तातला घेतला. आंटीला नावंच तर लिहायची आहेत, असा तिने हिशेब केला.

घरी आणून व्हॅलेरीने टेबलाशी बसून ‘सें’ काढला. रेघ उमटली. वरून खालपर्यंत सारखी. तारेसारखी. तिने पुसून पुन्हा काढला. पुन्हा तार.

“आंटी, जरा प्रेस कर,” ऑड्रे म्हणाली. “बघ, ही बाई कशी करते.” तिने मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यात एक मुलगी त्याच कंपनीच्या टॅब्लेटवर, त्याच पेनाने पान काढत होती. दाबलं की देठ जाड, सोडलं की बारीक. व्हॅलेरीने पाहिलं. पेन तेच होतं, टॅब्लेट दिसायला तोच होता. म्हणजे फरक एकच राहिला.

ती दाबून लिहायला लागली.

इथे तिच्या आईबद्दल सांगायला हवं. आई सुकी मासळी विकायची आणि जाळी दुरुस्त करायची. साठीच्या आसपास तिच्या जाळ्याची गाठ सैल पडायला लागली. आधी सगळे हसले. म्हातारी आता माशांना सोडून देते म्हणाले. मग तिच्या हातातला कप हलायला लागला. मग तिला घास भरवावा लागला. व्हॅलेरीने भरवला. आजाराचं नाव नंतर कळलं, पण व्हॅलेरीच्या लक्षात राहिली ती सैल गाठ. सुरुवात अशी होते, हे तिला ठाऊक होतं. कामातून होते. हाताला जे न सांगता कळतं, तेच आधी जातं.

तिला आता साठावं चालू होतं.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. सकाळचं जेवण उरकलं की टॅब्लेट घेऊन बसायची. दाबायची. रेघ तारेसारखी यायची. अजून दाबायची. मनगट सुजलं. बाम लावून पुन्हा बसायची. ऑड्रेने एकदा पेनाची जाडी वाढवून दिली. मग जाड तार आली.

एका दुपारी ती एकटीच भाईंदरच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने तिची बोटं ताणून पाहिली, डोळे मिटायला लावले, नाकाला बोट लावायला लावलं.

“काय होतंय नक्की?”

“रेघ बारीक होत न्हाय.”

डॉक्टरने मान वर केली. “कसली रेघ?”

तिने सांगितलं. त्याला फारसं कळलं नाही. त्याने जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आईला काय होतं ते विचारलं. तिने तेही सांगितलं. मग त्याने मोठ्या डॉक्टरसाठी एक चिठ्ठी दिली. “घाई नाही,” तो म्हणाला, “पण दाखवून घ्या.” ही चिठ्ठी तिने पर्समध्ये ठेवली. मोठ्या डॉक्टरकडे ती गेली नाही. आईला नेलं होतं. तिथे काय सांगतात ते तिला माहीत होतं.

ब्रश हातात घेऊन बघावं, हे तिला सुचलं नसेल असं नाही. ती ते टाळत होती. अखेर एका सकाळी अंगणात जुनी फळी टेकवून तिने गोल ब्रश रंगात बुडवला आणि ‘र’ काढला. ब्रश फळीवर फिस्कटला. केस फाकले. रंग ओघळून खाली आला. शेपटीच्या जागी पोचारा उमटला. तिने दुसरा काढला. तोही तसाच.

आता यात आश्चर्य काही नव्हतं. महिना-दीड महिना काच दाबून दाबून हात जड झाला होता. दाबायचं त्याला ठाऊक होतं, सोडायचं तो विसरला होता. पण हे आज बाहेरून सांगायला सोपं आहे. फळीसमोर उभ्या असलेल्या बाईला दोन पुरावे मिळाले होते. एक काचेवरचा, एक फळीवरचा.

तिने ब्रश रॉकेलमध्ये धुतला. बाकीचेही धुतले. कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले.

संध्याकाळी मायकेल आला तेव्हा ती म्हणाली, “स्टिकरच लाव. काचेवर लिवलाय, हाय तसा पाठवते.”

“कवा लिवलास? बघू दे तरी.”

“बघायचा काय त्यात? नाव हाय, वाचता येतंय.”

बहीण असं बोलली की गप्प बसायचं, हे मायकेल लहानपणीच शिकला होता. ऑड्रेने फाईल पाठवली. स्वप्नीलने अक्षरं कापली. पुढच्या आठवड्यात ‘सेंट पीटर’ बोटीच्या दोन्ही अंगांना चिकटलं. सरळ, स्वच्छ, तारेचं. किनाऱ्यावर येणारे-जाणारे थांबून बघायचे. “चांगला दिसतो, बँकेचा बोर्ड असतो ना, तसा,” एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, “व्हॅलेरीबायचा हात गेला वाटते.” दुसरं वाक्य तिच्यापर्यंत पोचलं. तशी वाक्यं पोचतात.

टॅब्लेट तिने बंद करून ठेवला होता. ऑड्रेला तो विकायचा होता. पण काचेवर चरे पडले होते आणि एका कोपऱ्यात तडा गेला होता. काच बदलून घ्यायची म्हणून ती व्हॅलेरीला बरोबर घेऊन मीरा रोडला गेली. स्टेशनजवळच्या गल्लीत पिंटूचं दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक काउंटर आणि त्यामागे स्टूल. पिंटू एका हातात वडापाव धरून होता. त्याने टॅब्लेट दिव्याखाली तिरका केला.

“आंटी, इसपे सब्जी काटते हो क्या?”

“लिखती है,” ऑड्रे म्हणाली.

“इतना दबा के?”

“दाबल्याशिवाय रेघ जाड होत न्हाय,” व्हॅलेरी म्हणाली. मग तिने दुरुस्ती केली. “दाबूनपन होत न्हाय.”

पिंटूने वडापाव कागदावर ठेवला. “कैसे होगा? इस मॉडेल में प्रेशर है ही नहीं. दबाओ, हातोडी मारो, लाइन एक जैसी आयेगी.” त्याने खालच्या खणातून दुसरा टॅब्लेट काढला. कुणाचा तरी दुरुस्तीला आलेला होता. त्याच कंपनीचा, महागातला. “पेन दो आपका. अब इसपे लिखो.”

व्हॅलेरीने पेन हातात घेतलं. तिला लिहायचं नव्हतं. ऑड्रे म्हणाली, “लिही ना, आंटी.” तिने ‘र’ काढला. सुरुवातीला तो भसकन जाड उमटला, कारण हात दाबायला बसलेला होता. वळणावर तिने नकळत हात उचलला. रेघ बारीक झाली. शेपटी केसासारखी निघून गेली.

ऑड्रेने पेन उलटसुलट करून पाहिलं.

“पेन तेच आहे,” ऑड्रे म्हणाली.

“पेन सेम. ग्लास सेम. मैंने दोनों खोल के देखे हैं, अंदर भी सब सेम. कंपनीने सस्तेवाले में बंद रखा है, बस.”

“बंद म्हणजे? चालू कर मग.”

“मेरे हाथ में थोडी है. ऊपर से बंद है.” पिंटू हसला. “सस्तेवाले में सब दे दिया तो महंगावाला कौन लेगा, मॅडम? अभी एक्सचेंज चालू है. ये देके वो ले लो.”

ऑड्रे भडकली. खोक्यावर ब्रशसारखं लिहिलंय, ही सरळ फसवणूक आहे, मी तक्रार करणार, असं बरंच बोलली. पिंटूने मोबाइलवर त्या खोक्याचा फोटो शोधून मोठा केला. अगदी खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती. काही सोयी निवडक मॉडेलांतच मिळतील. “लिखा तो है,” तो म्हणाला. त्याला कुणाची बाजू घ्यायची नव्हती. त्याला काच बदलायची होती.

व्हॅलेरीचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती त्या ‘र’कडे बघत होती.

“म्हणजे माज्या हाताला काय झाला न्हाय,” ती म्हणाली.

पिंटूला ते कळलं नाही. “हाथ का क्या, आंटी?”

त्याने टॅब्लेट परत घेतला, बोटाने अक्षर पुसलं आणि खणात ठेवला.

उत्तनच्या बसमध्ये ऑड्रे बोलत राहिली. महागातला हप्त्याने घेऊ म्हणाली. व्हॅलेरीने नको म्हटलं. राग का येत नाही तुला, असं ऑड्रेने विचारलं. व्हॅलेरीने पर्स उघडली, मोठ्या डॉक्टरसाठी दिलेली चिठ्ठी काढली आणि तिचे तुकडे करून खिडकीबाहेर सोडले. “काय होतं ते?” ऑड्रेने विचारलं. तेव्हा व्हॅलेरीने तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. आजीच्या जाळ्यापासून.

व्हॅलेरी घरी टेकली नाही, तशीच किनाऱ्यावर गेली. घरात शिरली ती फक्त माळ्यावरचे ब्रश, रंगाचा डबा आणि गरम पाण्याची किटली घ्यायला. मायकेल बोटीजवळ दोर वळत बसला होता. तिने गरम पाण्यात बुडवलेला फडका नाळीवर धरला आणि नखाने ‘सें’चा कोपरा उचलला.

“ए बाय! काय करतेस? रविवारी फादर येणार हाय आशीर्वाद द्यायला!”

“येऊ दे.”

“आनि नाव? फादर काय बिननावाच्या बोटीला आशीर्वाद देनार?”

“म्हनून तर सोलते. तू शिडी धर.”

“तुजे गुडघे...”

“गुडघे दुखतील. धर.”

त्याने शिडी धरली. अक्षरं सोलून निघाली. तिने जागा कोरडी केली, खडूने दोन रेघा आखल्या आणि गोल ब्रश रंगात बुडवला.

‘सें’ जाड आला. उभी रेघ नको तिथे फुगली आणि मात्रेचा रंग एकीकडे जमला. हात अजून काचेवर होता. तिने तो पुसला नाही. ‘ट’ थोडा बरा आला. ‘पी’ची वेलांटी वळताना ब्रश अडखळला, मग सुटला. दुसऱ्या ‘ट’ला पोटात रंग भरला आणि टोकाला पातळ झाला. शेवटचा ‘र’ काढताना तिने श्वास धरला नाही, डोळेही बारीक केले नाहीत. रेघ खाली आली, भरली, वळली. शेपटी निघून गेली.

मायकेल शिडी न सोडता मागे वाकून बघत होता. त्याला अक्षरातलं फार कळत नसे. तरी त्याला दिसलं.

“पयला जाड झाला,” तो म्हणाला.

“झाला.”

“पुसून परत काढतेस?”

व्हॅलेरी शिडी उतरून मागे सरली आणि तिने लांबून पाहिलं. डावीकडून उजवीकडे, जड अक्षरापासून हलक्या अक्षरापर्यंत. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

“राहू दे,” ती म्हणाली. “पल्याडच्या अंगाचा स्टिकर सोलायला घे.”