झब्बा घालून केलेली शिकार

आधी तो चहा संपवा बघू, नाहीतर नाकातून येईल! आणि माझ्या बायकोकडे बघू नका. हा किस्सा ती माझ्यापेक्षा रंगवून सांगते, म्हणून आज मीच सांगून मोकळा होतो. मी काय दिवे लावले ते निदान माझ्या तोंडून तरी ऐका.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मिशिगनमधल्या एका लहानशा गावात, पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी इंजिनियर होतो. गावात मराठी माणसं किती? मी आणि शोभा! काम छान होतं, लोकही चांगले होते. पण दुपारी जेवायला बसलो की मी कोपऱ्यात एकटा, माझ्या पोळीभाजीबरोबर. बाकीचे सगळे मोठ्या टेबलावर. ऑक्टोबर ते जानेवारी त्या टेबलावर एकच विषय, हरणाची शिकार. मी काय बोलणार त्यात? मी कोंबडीसुद्धा बायकोला चोरून खाणारा माणूस!

आणि खरं सांगू? मला त्या टेबलावर बसायचं होतं. फार बसायचं होतं.

एका डिसेंबरात आमचा सुपरवायझर वॉल्ट आपणहून माझ्या कोपऱ्यात आला. म्हणाला, "आर्वी, बंदुकीचा सीझन संपला. आता धनुष्यबाणाचा शेवटचा वीकएंड आहे. येतोस?"

अरविंदचा 'आर्वी' मला एरवी खपत नसे. त्या दिवशी कानाला गोड लागला. "येतो की!" म्हणालो.

"कधी धनुष्य धरलंयस हातात?"

"आमच्याकडे लहानपणापासूनच," मी म्हणालो. दसऱ्याला बांबूच्या कामटीचं करायचो, ते मी काही त्याला सांगितलं नाही.

वॉल्टनं धडा दिला. डिसेंबरच्या शिकारीत तीन गोष्टी सांभाळायच्या. थंडीनं गोठायचं नाही, बर्फात दिसायचं नाही, आणि कपड्यांचा आवाज होऊ द्यायचा नाही. त्याच संध्याकाळी मी शिकारीच्या दुकानात गेलो. बर्फात घालायच्या त्या पांढऱ्या सूटची किंमत वाचली आणि तसाच उलट पावली घरी आलो. सूट कसला, आमच्या लग्नात एवढा खर्च झाला नव्हता!

धनुष्य कुणाच्या तरी गॅरेजमधून जुनं मिळालं. पायमोज्यांवर ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या चढवायच्या, म्हणजे पाय कोरडे राहतात, हे वॉल्टनंच सांगितलं होतं. उरला तो पांढरा सूट. शोभा ट्रंक उघडून बसली होती. मी आत डोकावलो आणि ओरडलोच, "शोभा! माझा लग्नातला झब्बा-लेंगा!"

"तो घालून शिकारीला जाणार?"

"बघ ना! पांढरा आहे, सुती आहे, आवाज नाही. आत दोन स्वेटर मावतात. आणि फुकट!"

सांगा, काय चुकलं माझं? वॉल्टनं पाहिलं तेव्हा तोसुद्धा म्हणाला, "हे डोकं चालवलंस, आर्वी!" म्हणजे कपड्यांत मी पास झालो होतो बरं का. घोळ झाला तो पुढेच.

घरात शस्त्र आलं आणि त्याची पूजा झाली नाही, असं शोभाच्या माहेरी कधी घडलेलं नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं धनुष्य पाटावर मांडलं. हळद, कुंकू, अक्षता. पाचही बाणांच्या टोकांना बोटानं ओलं कुंकू लावलं, अगदी सढळ हातानं. मग कुंकवाची एक पुडी झब्ब्याच्या खिशात सारली. "असू द्या, परमुलूख आहे." आणि हात जोडून म्हणाली, "देवा, यांना सांभाळ. आणि त्या हरणालाही काही लागू देऊ नकोस."

आता देवानं कुणाची बाजू घ्यायची?

दुसऱ्या दिवशी पहाटे माझी गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि बर्फ तुडवत ठरलेल्या झाडापाशी जाऊन बसलो. वॉल्ट आणि त्याचे दोन मित्र पलीकडच्या बाजूनं येऊन आपापल्या झाडांवर बसले होते. चांगलं उजाडलं आणि खरोखर एक हरीण आलं! माझ्यापासून आपल्या या दारापर्यंत असेल. दोरी ओढली, डोळे मिटले (हो, मिटले!) आणि सोडली. डोळे उघडतो तर हरीण नाही, बाण नाही, काहीच नाही!

वॉल्ट झाडावरून उतरून आला. त्यानं झुडपाखालच्या बर्फातून बाण उपसून काढला आणि टोकाकडे बघतच राहिला. टोक ओलं, लालभडक!

"आर्वी! लागला! पहिल्याच बाणाला!"

त्यानं मला मिठी मारली, आणि मला त्या मोठ्या टेबलावरची माझी खुर्ची स्पष्ट दिसली. तेवढ्यात ते बिचारं हरीणही डोळ्यांसमोर आलं. कुंकू? कुंकू कुणाच्या डोक्यात येतंय तेव्हा!

"जखमी जनावर अर्ध्यात सोडायचं नाही," वॉल्ट म्हणाला. "सापडेपर्यंत माग काढायचा." त्यानं दोघा मित्रांनाही झाडांवरून उतरवलं. सीझनचा शेवटचा वीकएंड, पण माझ्यासाठी बिचारे उतरले! माझ्या झाडापासून निघालो तर बर्फात दर चार पावलांवर लाल ठिपके.

"जबर लागलाय!" एकजण म्हणाला.

"मी काळजावरच नेम धरला होता," मी म्हणालो. ऐकताय ना? डोळे मिटून काळजावर!

"पण हे तुझ्याच पावलांवरून कसं गेलं?" दुसऱ्यानं विचारलं.

उत्तर वॉल्टनंच दिलं. "हुशार जनावर आहे. तुडवलेल्या बर्फातून चालणं सोपं जातं त्याला."

मीही मान डोलावली. ओढा ओलांडला, कुंपणाखालून सरपटत गेलो, ठिपके काही संपेनात. माझं मन मात्र मला खायला लागलं. एवढं रक्त गेल्यावर ते वाचणार कसं? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वॉल्टनं पाठीवर हात ठेवला. "पहिल्या शिकारीला होतं असं."

शेवटचा ठिपका माझ्या गाडीच्या दाराच्या मुठीवर होता.

वॉल्टनं गाडीखाली वाकून पाहिलं. मग मागच्या सीटवर पाहिलं. मग सावकाश माझ्याकडे वळला. माझ्या पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर खिशापासून घोट्यापर्यंत लाल ओघळ! पुडी सुटलेली, आणि खिशाला भोक होतं हो! लग्नातला झब्बा, कुणी तपासलंय!

"आर्वी," तो हळूच म्हणाला, "कुठे लागलंय तुला?"

मग काय करता? रस्त्यावर उभं राहून पूजा, पुडी, शोभा, सगळं सांगावं लागलं. आता माझा कोपरा आणि माझा डबा, मनात म्हटलं. तर ते तिघंही बर्फात बसले आणि पोट धरधरून हसले!

सोमवारी मी मुकाट्यानं कोपऱ्याकडे निघालो, तर वॉल्टनं मोठ्या टेबलाची खुर्ची पायानं मागे सारली. "इथे बस." मी बसलो, डबा उघडला, डोळे भरून आले. तेवढ्यात टेबलावरच्या एका नव्या माणसानं विचारलं, "हाही शिकारी आहे का?"

वॉल्ट गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "शिकारी? अरे, आमची शिकार आम्हाला खांद्यावरून वाहून आणावी लागते. याची शिकार याला गाडीपर्यंत सोडायला आली!"