भाट्याचा लांब फोटो

रात्रभराच्या एसटीने अंग आंबून गेलं होतं, पण भाट्याच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर) चढले आणि सगळा शीण उतरला. खाली सुरूचं बन, वाळू, खाडीचं मुख, पलीकडे मांडवी आणि किल्ल्याचा डोंगर. समुद्र इतका शांत, की आपण अजून एसटीत झोपलोच आहोत असं वाटावं.

आप्पा, माझे वडील, इथलेच. अर्धांगवायूनंतर पुण्यातल्या खाटेवरून त्यांना उठता येत नाही. "एकदा सगळं एका नजरेत बघायचंय गं," म्हणाले होते. एका फोटोत एवढं मावणार थोडंच! म्हणून डावीकडून सुरुवात करायची, प्रत्येक फोटोत आधीच्याची थोडी कड घ्यायची आणि मग सगळे जोडायचे, असा माझा बेत.

फोटो खाडीच्या मुखापर्यंत आले, तोच मागच्या आंब्याच्या बागेचे मालक हजर.

"ताई, ऊन बघितलंत काय? चला, वाईच जेवून घ्या."

"एवढे फोटो होऊ देत ना."

"दर्या काय पळून जातोय? दुपारचं माणूस दारावरनं उपाशी गेलं तर आमची ही मलाच वाढायची नाय!"

या आग्रहापुढे कुणाचं चाललंय? कॅमेऱ्याचा स्टँड तिथेच ठेवून गेले. भात, बांगड्याचं कालवण, वर सोलकढी. पडवीत जरा पाठ टेकली आणि झावळ्यांची सळसळ ऐकता ऐकता कधी डोळा लागला, कळलंच नाही. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. धावत जाऊन उरलेले फोटो काढले आणि परतीची गाडी धरली.

पुण्यात फोटो धुऊन आले. जोडायला बसले आणि कपाळाला हात लावला. डावीकडे सुकती (ओहोटी), वाळू लांबवर उघडी. उजवीकडे खाडी काठोकाठ भरलेली. पुण्यात वाढलेल्या मला पाणी चढल्याचं घाईत दिसलंच नव्हतं. मधल्या कडा काही केल्या जुळेनात. आप्पांना आता काय दाखवू? रडूच आलं. शेवटी तसेच पुठ्ठ्यावर चिकटवले आणि त्यांच्यापुढे धरले.

आप्पांचं बोट वाळूवरून हळूहळू खाडीकडे सरकू लागलं. "इथं सुकतीला आम्ही मुळे (शिंपले) वेचायला उतरायचो. इथं पाणी घोट्याला लागायचं. आणि इथं..." भरल्या खाडीवर बोट थांबलं. "इथवर आलं की आई काठावरनं हाका मारायची."

मी त्यांच्यासाठी गाव आणायला गेले होते. त्यांना अख्खी दुपार मिळाली. मी पुठ्ठा उचलू लागले, तर त्यांनी तो धरून ठेवला आणि बोट पुन्हा वाळूवर नेलं.

"थांब गं," म्हणाले, "अजून पाणी यायचंय."