कुजबुजीची तालीम

आमच्या शेजारचे साहेब विमानावर फ्लाइट इंजिनिअर होते. सुट्टीला नाशिकला आले की गच्चीवरून असं "गुड मॉर्निंग!" ठोकत, की पार ओझरच्या धावपट्टीवरची कुत्री दचकून उठत. "इंजिनाचं दुखणं आधी आवाजात कळतं," ही त्यांची नेहमीची फुशारकी. बोलताना मात्र ते समोरच्याच्या ओठांवरून नजर हलवत नसत.

एकदा त्यांनी मला गच्चीवर ओढलं. "सोमवारी मेडिकल आहे. डॉक्टर पाठीमागून कुजबुजतो, ते आपण ओळखायचं. चुकलो तर उड्डाण कायमचं बंद. तुम्ही गावांची नावं घ्या, तालीम होईल."

"अहो, इंजिनांनी कान खाल्ले की काय तुमचे?"

"हळू! हिला कळेल!" ते ओरडले. अख्ख्या कॉलनीला कळलं.

ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी कुजबुजलो, "ओझर." ते गप्प. "नांदगाव." गप्पच. त्यांच्या मानेवरून घाम ओघळला. हा माणूस पुढच्या आठवड्यात विमानभर माणसं घेऊन उडणार होता. तिसरं नाव कुठलं घ्यावं, याचा मी विचार करू लागलो.

तेवढ्यात ते गरजले, "कळवण! बरोबर ना?"

मी अजून तोंडच उघडलं नव्हतं.